बोरघाटात गाडीला मागून इंजिन का लागते?

पुण्याकडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कर्जतला थांबते आणि मागून तिला इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. प्लॅटफॉर्मवर उतरून वडापाव घेणाऱ्यांना हा थांबा चांगला ओळखीचा असतो. पण पुढचे इंजिन सहा हजार अश्वशक्तीचे असते आणि सपाटीवर तीच गाडी ताशी शंभराच्या वर पळवते. मग घाटात ते एकटे कमी का पडते? त्याच्यात ताकद नसते म्हणून, असे बहुतेकांना वाटते. खरे कारण चाक आणि रूळ यांच्यामध्ये आहे.

आधी चढ मोजू. कर्जत ते लोणावळा हे अंतर 28 किलोमीटर, आणि तेवढ्यात गाडी साधारण 550 मीटर उंची चढते. सर्वांत कठीण भागात चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेले की 1 मीटर वर. डोळ्यांना हा चढ जाणवतही नाही. गाडीला मात्र तो चांगलाच जाणवतो. उतारावर उभ्या असलेल्या वस्तूला गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढत असते, पण त्या ओढीचा एक हिस्सा उताराच्या दिशेने काम करतो. 37 ला 1 चढावर हा हिस्सा वजनाच्या जवळजवळ सदतिसाव्या भागाएवढा असतो. डब्यांचे वजन 1000 टन धरले, तर गाडीला मागे खेचणारे बल 27 टन वजनाएवढे, म्हणजे सुमारे 2 लाख 65 हजार न्यूटन भरते.

याची सपाटीशी तुलना करा. पोलादी चाक पोलादी रुळावरून फिरत जाते तेव्हा होणारा विरोध फारच थोडा असतो. कमी वेगात टनामागे सुमारे 2 किलो वजनाएवढे बल पुरते. तीच 1000 टनांची गाडी सपाटीवर 2 टनांच्या जोरावर चालत राहते आणि घाटात तिला त्याच्या चौदापट जोर लागतो. रेल्वे स्वस्तात माल वाहते ती या अल्प विरोधामुळे, आणि घाटात अडते तीही पोलादाच्या याच गुळगुळीतपणामुळे.

इंजिन पुढे जाते ते कसे? चाक रुळाला मागे ढकलते आणि रूळ चाकाला पुढे ढकलतो. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. हे ढकलणे घर्षणाशिवाय होत नाही. चाक न घसरता फिरत असते तेव्हा रुळाला टेकलेला त्याचा बिंदू त्या क्षणापुरता स्थिर असतो, म्हणून इथे स्थितिक घर्षण काम करते. त्याला मर्यादा असते. कोरड्या, स्वच्छ रुळावर ते इंजिनाच्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत जाते. इंजिन 120 टनांचे असेल तर 36 टन. मोटर कितीही दणकट बसवली तरी रुळाकडून याहून जास्त मिळत नाही.

एकेक चाक रुळाला टेकते ती जागा अंगठ्याच्या नखाएवढी असते. इंजिनाच्या बारा चाकांच्या अशा बारा जागांवर सगळी गाडी चढवायची. रुंद चाके लावून फार काही साधत नाही, कारण घर्षण मुख्यतः दाबावर ठरते, टेकलेल्या क्षेत्रफळावर नाही. फ्रान्समध्ये आमोंताँने 1699 मध्ये हा नियम मांडला. गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर पकड घेईल यावर सुरुवातीला इंजिनिअरांचाही विश्वास नव्हता. इंग्लंडमध्ये ब्लेंकिन्सॉपने 1812 मध्ये दातेरी रुळाची रेल्वे चालवली ती याच शंकेपोटी. हेडलीने पुढच्याच वर्षी नुसत्या घर्षणावर काम भागते हे दाखवून दिले.

आता हिशेब जुळवू. डबे आणि इंजिन मिळून 1120 टन. चढाचे 30 टन, फिरण्याच्या विरोधाचे 2 टन, आणि वळणांवर चाके रुळाच्या कडेला घासतात त्याचे वेगळे. हातात आहेत 36. कोरड्या दिवशी कसेबसे निभावेल. पण खंडाळ्याचा पाऊस! ओल्या रुळावर पकड निम्म्यावर येते. मुसळधारेपेक्षा पहिली भुरभुर अधिक त्रासाची, कारण धूळ आणि तेल यांचा चिखलट थर तयार होतो, धुऊन जात नाही. चाक जागच्या जागी फिरू लागले की स्थितिकऐवजी गतिक घर्षण लागू होते. ते आणखी कमी असते, म्हणून घसरण आपोआप थांबत नाही. चालकाला जोर कमी करावा लागतो आणि चाकांपुढे वाळू सोडावी लागते. इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात, दाबाच्या हवेने ती रुळावर फवारली जाते. इतक्या आधुनिक यंत्राला अजून वाळूचा आधार लागतो, हे मला फार सुंदर वाटते.

बँकर म्हणजे रुळाला टेकलेली आणखी चाके, आणखी दाब, म्हणून आणखी घर्षण. ती मागे लावण्याचेही कारण आहे. सगळी इंजिने पुढे लावली तर पहिल्या कपलिंगवर संपूर्ण गाडीचा ताण येईल. मागून ढकलले की तो वाटला जातो, आणि कपलिंग तुटलेच तर डबे मागे घरंगळण्यापूर्वी अडतात. शेजारी नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी 1907 पासून 20 ला 1 असा चढ नुसत्या घर्षणावर चढते, पण तिचे डबे हलके आणि मोजके असतात. निलगिरीच्या रेल्वेला 12 ला 1 चढावर दातेरी रूळच लागला.

लोणावळ्याला पोहोचलेल्या 1000 टनांत सुमारे 1500 युनिट स्थितिज ऊर्जा साठलेली असते. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराला ती सव्वा वर्ष पुरेल. उतरताना ती बाहेर पडणारच. ब्रेक आणि घर्षण नसते तर कर्जतला गाडी ताशी 370 किलोमीटरने आली असती! म्हणून उतरताना इंजिनाच्या मोटरी जनित्रासारख्या चालवतात. चाकांना रोध होतो आणि वीज वरच्या तारेत परत जाते. उरलेली ऊर्जा ब्रेकच्या घर्षणातून उष्णता होऊन जाते.

आणि ब्रेक लागलेच नाहीत तर? त्यासाठी घाटात ‘कॅच सायडिंग’ आहेत, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून उलट वर चढणारे रूळ. उतरणारी गाडी काबूत असल्याची खात्री पटेपर्यंत सांधे त्या फाट्याकडेच वळवलेले असतात. ताशी 60 किलोमीटरने सुटलेली गाडी तिथे गुरुत्वाकर्षणामुळे 14 मीटर उंचीपर्यंत जाऊन थांबते. या गणितात वजन येतच नाही. एकटे इंजिन असो की वीस डबे, उत्तर 14 मीटरच. वेग दुप्पट झाला मात्र, की उंची चौपट लागते, 57 मीटर. म्हणून पायथ्याशी एकच मोठी सायडिंग बांधून भागत नाही. ती घाटात वरपासून टप्प्याटप्प्याने लागते, गाडीचा वेग अजून फार वाढलेला नसतो तिथे.