लोणारचा उतार आणि दवाखान्याचा रॅम्प

लोणार सरोवराच्या काठावरून खाली उतरताना वाट किती तीव्र आहे ते जाणवत नाही. परत वर येताना मात्र पोटऱ्या सांगतात. हीच तीव्रता आकड्यात सांगता येते. उल्कापाताने तयार झालेल्या या विवराच्या काठाचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर तळ्याचा सुमारे १.२ किलोमीटर आहे. म्हणजे काठापासून पाण्यापर्यंतचे आडवे अंतर सरासरी ३०० मीटर. पाणी काठाच्या सुमारे १३७ मीटर खाली आहे. १३७ ला ३०० ने भागले की ०.४६ येते. दर १०० मीटर आडव्या अंतराला सरासरी ४६ मीटर उतार, असा त्याचा अर्थ.

शाळेत या भागाकाराला 'चढ' म्हणतात. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत तो दहावीच्या निर्देशक भूमितीत भेटतो. त्याचा सख्खा भाऊ 'समचलन' मात्र आठवीतच येऊन गेलेला असतो. एक राशी दुप्पट झाली की दुसरीही दुप्पट होते आणि दोन्हींचे गुणोत्तर कायम राहते, ते समचलन. त्या गुणोत्तराला चलनाचा स्थिरांक म्हणतात. समचलनाचा आलेख काढला तर आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा मिळते आणि तिचा चढ म्हणजेच तो स्थिरांक. दोन धड्यांमधला हा दुवा सुटला, तर 'चढ' हे आणखी एक पाठ करायचे सूत्र होऊन बसते.

दुवा पक्का करायला दवाखान्याच्या दारातला रॅम्प पुरतो. चाकांच्या खुर्चीसाठीचा रूढ दंडक १:१२ आहे. त्याहून सौम्य चालेल, तीव्र नको. म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीला १.८ मीटर लांबी, ३० सेंटिमीटरला ३.६ मीटर आणि ४५ सेंटिमीटरला ५.४ मीटर. प्रत्येक जोडीचा भागाकार एकच येतो. लोणारचा उतार याच्या जवळपास साडेपाच पट तीव्र आहे.

मुलांची नेहमीची चूक इथेच होते. उंची १५ सेंटिमीटरने वाढली, तर लांबीही १५ सेंटिमीटरने वाढवू, असे त्यांना वाटते. प्रमाणात बेरीज चालत नाही, गुणाकार लागतो. हीच चूक बांधकामात झाली तर ती उत्तरपत्रिकेपुरती राहत नाही. ४५ सेंटिमीटर उंच ओट्याला जागा वाचवण्यासाठी ३ मीटरचाच रॅम्प दिला, तर चढ ०.१५ होतो, दंडकाच्या जवळजवळ दुप्पट. तिथे खुर्चीवरच्या माणसाला एकट्याने वर जाणे कठीण होते आणि खुर्ची मागे कलंडण्याचा धोका वाढतो.

एक बारकावाही लक्षात ठेवावा. रॅम्प १० सेंटिमीटरच्या पायरीवरून सुरू झाला, तर त्याचा चढ तोच राहतो. पण जमिनीपासूनची उंची लांबीच्या समप्रमाणात राहत नाही, कारण रेषा शून्यातून निघत नाही. प्रत्येक समचलनाला चढ असतो, पण चढ असलेली प्रत्येक रेषा समचलन दाखवत नाही.

हे पडताळायला एक मोजपट्टी पुरे. मुलांना गावातल्या दवाखान्यात, शाळेत किंवा बँकेत न्यावे. रॅम्पची उंची आणि आडवी लांबी त्यांच्याकडूनच मोजून घ्यावी आणि लांबीला उंचीने भागायला सांगावे. उत्तर १२ पेक्षा कमी आले, तर तो रॅम्प कोणाला तरी रोज अडवतो आहे.