पोटावरच्या रेषा आणि आरीची जखम

“खाजवू नकोस गं, रेषा उठतील!” सातवा महिना लागला की घरोघरी ही ताकीद मिळते आणि तेलाची वाटी पुढे येते. एवढं करूनही स्ट्रेच मार्क उठले, तर बोल लागतो तो त्या बाईलाच. हा बोल अन्यायाचा आहे. कारण जे घडतं ते तेल मुरतं त्याच्या बरंच खाली.

त्वचेच्या या खालच्या थराची गोष्ट एका आरीपासून सुरू होते. छातीत गोल टोकाची आरी खुपसून घेतलेल्या एका माणसाच्या जखमांची नोंद पॅरिसचे शल्यवैद्य दुपुइत्राँ यांनी १८३४ मध्ये केली. आरी गोल, पण जखमा मात्र सुरीनं केल्यासारख्या लांबट! व्हिएन्नाच्या कार्ल लांगर यांनी १८६१ मध्ये मृतदेहांच्या त्वचेला अंगभर गोल भोकं पाडून पाहिली. तीही जागोजागी ठरावीक दिशेनं लांबट झाली. त्वचा म्हणजे ताणून बसवलेली वीण असते, हे त्यातून उलगडलं. या ताणाच्या दिशा दाखवणाऱ्या ‘लांगर रेषा’ टाके घालणारे सर्जन आजही शिकतात. पण याच लांगर यांनी पुढे गर्भारपणातल्या व्रणांची, म्हणजे स्ट्रेच मार्कची, वीणही तपासली होती, याची आठवण क्वचितच निघते.

या विणीतले लवचीक धागे इलॅस्टिनचे. ते मुख्यतः जन्माच्या आगेमागे आणि बालपणी तयार होतात, पुढे जन्मभर तेच पुरवायचे. पोट झपाट्यानं वाढलं की हे जाळं विस्कटतं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ताज्या व्रणांचे नमुने पाहिले, तेव्हा त्वचा नवे धागे काढताना दिसली. पण ते बारीक, विस्कळीत होते, जुन्यांची जागा घेत नव्हते. जुन्या मोज्याच्या तोंडाशी तुटलेले रबरी धागे डोकावतात ना, तसंच.

मग महागड्या क्रीमचं काय? लेबनॉनमध्ये १७५ पहिलटकरणींवर चाचणी झाली. कोको बटर लावणाऱ्या ४५.१ टक्के जणींना व्रण उठले, त्याविना नुसतं लोशन लावणाऱ्या ४८.८ टक्के जणींना. हा फरक धरण्याजोगा नाही. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात सहा चाचण्यांतल्या ८०० स्त्रिया होत्या. कुठल्याही मलमानं व्रण टळतात असा पुरावा त्यातही सापडला नाही.

गर्भवतीच्या आईला व्रण असणं, कमी वय, वजनातली मोठी वाढ, मोठं बाळ यांनी शक्यता वाढते. यातलं हाती असतं ते वजन, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच सांभाळायचं. तेल जरूर लावावं. त्वचा मऊ राहते, खाज कमी होते. स्टेरॉइडची क्रीम मात्र मनानं लावू नयेत, त्यांनीच असे व्रण पडू शकतात. ट्रेटिनॉइन हे औषधही गरोदरपणात वर्ज्य. बाळंतपणानंतर काही महिन्यांत लालसर-जांभळ्या रेषा पांढुरक्या होत फिकटतात, पुरत्या जात नाहीत.

पुरळ नसताना तळहात-तळपायांना खूप खाज सुटत असेल, विशेषतः रात्री, तर तेलावर थांबू नका. यकृतातल्या बिघाडाचं ते लक्षण असू शकतं आणि त्याचा धोका बाळाला असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा; रक्ततपासणीत ते कळतं.