बाघोर

मध्य प्रदेश राज्याच्या सीधी जिल्ह्यातील उत्तर पुराणाश्मयुगीन अवशेषांचे एक स्थळ. ते शोण नदीच्या खोऱ्यात, मेढौली गावाजवळ वसलेले आहे. १९८० च्या सुमारास अलाहाबाद विद्यापीठ व कॅलिफोर्निया विद्यापीठ (बर्कली) यांच्या संयुक्त पथकाने जी. आर. शर्मा व जे. डी. क्लार्क यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन केले.

येथील ‘बाघोर १’ या वसतिस्थानात दगडी पाती व हत्यारे यांबरोबरच वालुकाश्माच्या तुकड्यांनी रचलेला, सु. ८५ सेंमी. व्यासाचा एक ओबडधोबड वर्तुळाकार चौथरा उघडकीस आला. त्याच्या मध्यभागी एका रंगीत दगडाचा तुकडा होता. त्याचे इतर तुकडे आसपास मिळाले. एकूण दहा तुकडे जुळविल्यावर सु. १५ सेंमी. उंचीचा त्रिकोणी दगड सिद्ध झाला. त्याच्यावर पिवळसर तपकिरी ते तांबूस छटांचे, एकात एक सामावलेले त्रिकोणी पट्टे दिसतात. ते कोरलेले नसून नैसर्गिक आहेत. असे दगड लगतच्या कैमूर डोंगरात आढळतात. या अवशेषांचा काळ सामान्यतः इ. स. पू. सु. ९०००–८००० मानला जातो.

हा चौथरा पूजास्थान असावा, या अनुमानास मुख्य आधार परिसरातील प्रचलित लोकाचाराचा आहे. येथील कोल, बैगा इ. जमाती याच प्रकारचे पट्टेदार त्रिकोणी दगड चौथऱ्यावर स्थापून त्यांना ‘माई’ म्हणजे मातृदेवता मानतात. मेढौलीनजीकची ‘केराई की देवी’ हे त्याचेच उदाहरण होय. महाराष्ट्रात तांदळ्याच्या, म्हणजे अघडीव पाषाणाच्या रूपात होणारी देवीची उपासनाही अशाच स्वरूपाची आहे. तथापि तिचा बाघोरशी थेट संबंध जोडता येत नाही.

आकार व मांडणी यांतील साम्य लक्षणीय असले, तरी साम्य म्हणजे सातत्य नव्हे. मधल्या हजारो वर्षांत लोकसमूह बदलले असतील आणि त्याच दगडाला निरनिराळे अर्थ लाभले असतील. चौथरा मानवनिर्मित आहे व दगड निवडून आणलेला आहे, एवढे अवशेषांवरून सांगता येते. त्या दगडाला कोणत्या नावाने आळविले जाई, हे त्यांवरून ठरत नाही. म्हणूनच उत्खननकर्त्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवले. हे अनुमान ग्राह्य धरल्यास बाघोर हे भारतातील ज्ञात पूजास्थानांपैकी अत्यंत प्राचीन ठरते.