दात धरून ठेवणारं हाड

उन्हाळ्यात मीरा रोड स्टेशनबाहेरच्या दुकानांत कोल्ड्रिंकच्या बाटल्या भराभर खपतात. त्यांनी दात किडतात हे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. दात ज्या हाडात रोवलेला असतो, त्याची चौकशी मात्र फारसं कुणी करत नाही.

जबड्यात प्रत्येक मुळासाठी हाडाची खोबण असते आणि मूळ कोलॅजनच्या बारीक तंतूंनी त्या खोबणीला बांधलेलं असतं. हे हाड आयुष्यभर बदलत राहतं: ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट नवं घालतात. विरघळणं वाढलं की खोबण उथळ होते आणि दात हलू लागतो.

३०० मिलिलिटर कोलात ३० ग्रॅमहून जास्त साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या सल्ल्यानुसार दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. या साखरेवर हिरडीच्या कडेचा जंतूंचा थर पोसतो. त्याच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे तिखट रेणू सोडतात. सूज महिनोन्महिने टिकली, तर हेच रेणू हाड विरघळवणाऱ्या पेशींना चेतवतात. रक्तातली साखर सतत चढी असेल, तर ती कोलॅजनला चिकटून त्याला ताठर करते आणि हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात. मधुमेहात हिरड्यांचा आजार बळावतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

अँटिऑक्सिडंट त्या तिखट रेणूंना निष्प्रभ करतात. क जीवनसत्त्व तर कोलॅजन विणायलाही लागतं. ते संपलं की स्कर्व्ही होतो, हिरड्यांतून रक्त येतं, दात सुटतात. उंदरांवरच्या प्रयोगांत अशा द्रव्यांनी जबड्याच्या हाडाची झीज कमी झालेली दिसली आहे. माणसांतला पुरावा अजून तेवढा भक्कम नाही, म्हणून गोळ्यांच्या जाहिरातींवर विसंबू नये. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला खावा. कोकमातही अँटिऑक्सिडंट आहेत, पण साखर ओतलेलं त्याचं सरबत दाताला कोल्ड्रिंकसारखंच आंबट-गोड. त्यापेक्षा सोलकढी कितीतरी बरी.

आवळा खाल्ला म्हणून बाटली माफ होत नाही. प्यायचीच असेल तर जेवणासोबत एकदाच संपवावी, तासभर घोट घेत बसू नये; मग साध्या पाण्याने चूळ भरावी. घासताना हिरडीतून रक्त येत असेल, तर दंतवैद्याकडून एक्स-रे काढून घ्यावा. हाडाची झीज दुखत नाही, आणि गेलेलं हाड आपोआप भरून येत नाही.