तीन वर्षं की एक? लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा कशी ठरते

सदरमधून सिव्हिल लाइन्सकडे निघालं की नागपूरचं जिल्हा न्यायालय आणि मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ, दोन्ही जवळजवळच्या अंतरावर लागतात. एका बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात या दोन न्यायालयांनी वेगवेगळे निकाल दिले. एकाने तीन वर्षांची शिक्षा सुनावली, दुसऱ्याने ती एका वर्षावर आणली. न्यायाधीश कडक की मवाळ, एवढ्यावर शिक्षा ठरते असा आपला समज असतो. खरं तर बहुतेक वेळा शिक्षा ठरवतं ते कलम.

आधी कलम, मग वर्षं

लहान मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचा प्रत्येक मुलगा आणि मुलगी त्याच्या कक्षेत येते. या कायद्यात प्रत्येक गुन्ह्याची पायरी वेगळी आहे आणि वरच्या पायऱ्यांवर किमान शिक्षा ठरलेली आहे. लैंगिक हेतूने शारीरिक संपर्क केला, तर कलम ८ खाली तीन ते पाच वर्षं. बलात्काराच्या स्वरूपाच्या गुन्ह्याला कलम ४ खाली आता किमान दहा वर्षं, आणि मूल सोळाच्या आतलं असेल तर किमान वीस.

मूल बारा वर्षांखालचं असेल, किंवा गुन्हेगार नातेवाईक, शिक्षक, पोलीस, रुग्णालयाचा कर्मचारी असेल, तर तोच गुन्हा 'गंभीर' ठरतो. मग शारीरिक संपर्काच्या गुन्ह्यालाही पाच ते सात वर्षं लागतात. ज्याच्यावर मुलाने विश्वास टाकला, त्याला कायदा जास्त जबाबदार धरतो, आणि ते योग्यच आहे. कारण अशा प्रकरणांत आरोपी बहुधा घरातला किंवा ओळखीचाच निघतो.

किमान शिक्षेखाली उतरायची मुभा न्यायालयाला नाही. उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने दहा वर्षांची सात केली होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दहा केली. कायद्यात 'यापेक्षा कमी नाही' असं लिहिलेलं असताना दयेला जागा उरत नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

नागपूरचा निकाल

डिसेंबर २०१६. शेजारच्या माणसाने पेरू देतो म्हणून त्या बारा वर्षांच्या मुलीला घरात नेलं आणि तिच्या अंगाला नको तिथे हात लावला. शोधत आलेल्या आईला मुलगी त्याच घरात सापडली. फेब्रुवारी २०२० मध्ये जिल्हा न्यायालयातल्या पोक्सोच्या विशेष न्यायालयाने पोक्सोचं कलम ८ लावलं आणि तीन वर्षांची शिक्षा दिली, म्हणजे त्या कलमाखालची सर्वांत कमी.

अपील खंडपीठात गेलं. १९ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी कलम ८ मधून आरोपीला सोडलं. हात कपड्यांवरून लागला होता, त्वचेला त्वचेचा स्पर्श झाल्याचा पुरावा नाही, म्हणून हा पोक्सोचा लैंगिक हल्ला ठरत नाही, असं त्यांनी म्हटलं. उरलं तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५४, म्हणजे विनयभंग. त्याची किमान शिक्षा एक वर्ष, तीच मिळाली. एका मुद्द्यावर कलम बदललं आणि दोन वर्षं गळाली.

चारच दिवस आधी, १५ जानेवारीला, त्याच न्यायमूर्तींनी गडचिरोलीच्या एका प्रकरणातही असाच निकाल दिला होता. तिथली मुलगी पाच वर्षांची, म्हणून विशेष न्यायालयाने गंभीर गुन्ह्याखाली पाच वर्षं दिली होती. उच्च न्यायालयाने ते कलम काढलं आणि आरोपीने तुरुंगात काढलेले महिने पुरेसे मानले.

देशभर संताप उसळला. तेव्हाचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नागपूरच्या निकालाला तातडीने स्थगिती मिळाली. हातमोजे घालून कुणी हेच केलं तर तो सुटणार का, हा त्यांचा प्रश्न होता. माझ्या मते सगळ्या युक्तिवादाचं सार त्या एका प्रश्नात आहे. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती उदय लळित, रवींद्र भट आणि बेला त्रिवेदी यांनी दोन्ही निकाल रद्द केले. पाहायचं ते लैंगिक हेतू, मधल्या कापडाला महत्त्व नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. नागपूरच्या आरोपीला तीन आणि गडचिरोलीच्या आरोपीला पाच वर्षांची सक्तमजुरी पुन्हा लागू झाली.

दोषी ठरल्यावरची सुनावणी

दोषी ठरवल्याबरोबर शिक्षा सुनावली जात नाही. शिक्षेच्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंना पुन्हा ऐकावं लागतं. बचाव पक्ष सांगतो : पहिलाच गुन्हा आहे, घरात कमावता एकटाच, आईवडील म्हातारे. सरकारी वकील जरब बसेल अशी शिक्षा मागतात. न्यायाधीशाच्या हाती उरतं ते किमान आणि कमाल यांच्या मधलं अंतर. खटला चालू असताना तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. 'पाच वर्षं झाली आणि दोनच वर्षांत बाहेर आला' ही तक्रार घरचे करतात, तेव्हा पुष्कळदा त्यामागे हा हिशेब असतो.

घटना कधीची?

२०१९ मध्ये पोक्सोच्या शिक्षा वाढल्या, १६ ऑगस्टपासून. त्याआधीच्या गुन्ह्याला जुनीच शिक्षा लागते, हे राज्यघटनेच्या कलम २० मध्ये आहे. छत्तीसगडमधल्या एका दोषीचा गुन्हा मे २०१९ चा होता. त्याला नव्या तरतुदीने मरेपर्यंत तुरुंगवास झाला होता. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जुन्या तरतुदीतल्या जन्मठेपेवर आणला. ऐकायला कडू वाटतं, पण तपासात घटनेची तारीख नीट नोंदली जाणं का महत्त्वाचं, ते यातून कळतं.

फाशीचा प्रश्न

२०१९ पासून गंभीर बलात्काराच्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे. पण १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून फाशी 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणापुरतीच आहे. नागपूरच्या वाडी भागात एप्रिल २००८ मध्ये चार वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. पोक्सो तेव्हा नव्हता. दंड संहितेखाली झालेली फाशी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, २०१७ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळली. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने शिक्षेचा मुद्दा नव्याने ऐकण्याचा आदेश दिला. दोषसिद्धी तशीच आहे. फाशी देण्यापूर्वी दोषीची मानसिक तपासणी, तुरुंगातली वर्तणूक, घरची पार्श्वभूमी मागवून पाहावी, असं २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात ठरलं होतं. या प्रकरणात ते झालंच नव्हतं. त्या मुलीच्या घरच्यांनी सतरा वर्षं वाट पाहिली. शिक्षा ठरवतानाची कसर अशी शेवटी त्यांच्याच वाट्याला येते.

मुलाच्या हाती काय

शिक्षा आरोपीला होते, पण मुलाचे उपचार, समुपदेशन, बुडालेली शाळा यांचा खर्च घरावर पडतो. त्यासाठी विशेष न्यायालय भरपाई देऊ शकतं. गुन्हा नोंदल्यानंतर कोणत्याही टप्प्यावर अंतरिम भरपाई मागता येते. पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही, तरीही नुकसान झाल्याचं न्यायालयाला पटलं तर भरपाई मिळू शकते, आणि आदेशानंतर राज्य सरकारने ती तीस दिवसांत द्यायची असते. महाराष्ट्रात अशा पीडितांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजनाही आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. सरकारी वकिलाच्या जोडीला मुलाच्या बाजूने स्वतःचा वकील उभा करण्याचा हक्क घरच्यांना आहे, आणि पैसे नसतील तर तो वकील प्राधिकरण मोफत देतं.