बिअरमधील फळस्वादाचे किण्वनशास्त्र : नांदेड व लातूर जिल्ह्यांतील फळांच्या विशेष संदर्भात

सारांश :
ज्या देशांत घरगुती बिअरनिर्मितीस कायद्याची मान्यता आहे, तेथे बिअरला फळांचा स्वाद देण्याची पद्धत रूढ आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा असल्याने या ज्ञानाचे क्षेत्र घर नसून परवानाधारक उद्योग व अन्नतंत्राची प्रयोगशाळा हे आहे. किण्वनात फळातील साखर नाहीशी होते. आम्ल, सुगंध, तुरटपणा व रंग मागे उरतात. म्हणून फळाची निवड त्याच्या गोडीवरून न करता या उर्वरित घटकांवरून करणे आवश्यक ठरते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : किण्वन, यीस्ट, फळस्वाद, केळी, सीताफळ, चिंच, दारूबंदी अधिनियम.

प्रस्तावना :
नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरची केळी व कंधारची सीताफळे आणि लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच ही या परिसराची ओळख आहे. पानचिंचोलीच्या चिंचेस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. यांपैकी केळी व सीताफळ ही अत्यंत नाशवंत फळे होत. बाजारात आवक एकदम वाढली की भाव कोसळतो आणि माल राखून ठेवण्याची सोय नसलेल्या शेतकऱ्यास मिळेल त्या भावात तो विकावा लागतो. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले व त्यातून वाइननिर्मितीस चालना मिळाली. तथापि द्राक्षाचा धडा इतर फळांना जसाच्या तसा लागू पडत नाही. तो का लागू पडत नाही, हे फळयुक्त बिअरच्या उदाहरणाने समजून घेता येते.

उद्दिष्टे :
१. बिअरमध्ये फळ मिसळण्यामागील शास्त्रीय तत्त्वे स्पष्ट करणे.
२. नांदेड-लातूर परिसरातील फळांची त्या दृष्टीने चिकित्सा करणे.
३. सुरक्षितता व कायदा यांच्या मर्यादा नोंदविणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
बव्हेरियात १५१६ च्या फर्मानाने बिअरसाठी जव, हॉप्स व पाणी एवढ्याच घटकांना मान्यता दिली. याउलट बेल्जियममध्ये आंबट बिअरमध्ये चेरी मुरविण्याची परंपरा टिकून राहिली. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ मध्ये रद्द झाली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने संघराज्याच्या पातळीवर तिला करमुक्त मान्यता मिळाली. त्यानंतर हौशी निर्मात्यांत फळांचे प्रयोग वाढले. मराठवाड्याच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण पूर्व आफ्रिकेचे आहे. युगांडात पिकलेल्या केळ्यांच्या रसात ज्वारीचे पीठ मिसळून ‘टोंटो’ हे पारंपरिक पेय आंबविले जाते. केळी आणि ज्वारी ही दोन्ही पिके नांदेड-लातूरच्या शेतकऱ्यास परकी नाहीत.

किण्वनाचे तत्त्व :
बिअरसाठी मोड आणून वाळविलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा, गोड अर्क काढतात, तो हॉप्ससह उकळून थंड करतात व त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखरेचे रूपांतर मद्यार्क व कर्बवायूत करते. फळ मिसळल्यास त्यातील साखरेचीही हीच गत होते. त्यामुळे ‘गोड फळ घातले की बिअर गोड होईल’ हा समज चुकीचा ठरतो. अतिशय गोड परंतु आम्ल कमी असलेले फळ किण्वनानंतर सपक लागते. तर ज्या फळात आम्ल व तुरटपणा पुरेसा आहे, त्याची ओळख साखर गेल्यावरही टिकते. द्राक्षात साखर, आम्ल व टॅनिन यांचा मेळ निसर्गतःच साधलेला असतो. वाइनसाठी ते सोयीचे ठरण्याचे हे एक प्रमुख कारण होय.

फळ केव्हा व किती :
मुख्य किण्वन साधारणतः आठवडाभर जोमाने चालते. या काळात बाहेर पडणारा वायू फळाचा सुगंधही सोबत नेतो. म्हणून हा जोम ओसरल्यावर, दुय्यम किण्वनाच्या अवस्थेत फळ मिसळणे श्रेयस्कर मानले जाते. तोपर्यंत तयार झालेला मद्यार्क व वाढलेली आम्लता यांमुळे अनिष्ट जीवाणूंच्या वाढीसही काही प्रमाणात आळा बसतो. फळाचे प्रमाण सामान्यतः लिटरमागे १०० ते २५० ग्रॅम इतके असते. गर गोठवून पुन्हा वितळविल्यास पेशी फुटून रस सहज सुटतो. फळ उकळल्यास मात्र त्यातील पेक्टिन विरघळून पेय गढूळ होते. त्यावर पेक्टिनेज या विकराचा उपाय केला जातो.

हिशेबासाठी १ लिटर बिअरमध्ये १५ टक्के साखर असलेले २०० ग्रॅम फळ घातले असे मानू. त्यातून ३० ग्रॅम साखर मिळते व तिच्या पूर्ण किण्वनातून सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क आणि जवळजवळ तेवढाच कर्बवायू तयार होतो. फळातील पाण्यामुळे मिश्रण सौम्यही होत असल्याने ५ टक्क्यांची बिअर फार तर ६ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. खरा धोका वायूचा आहे. नेहमीच्या बिअरमध्ये लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम कर्बवायू असतो. हेच फळ बाटली बंद करतेवेळी मिसळले, तर त्याच्या तिप्पट वायूची भर पडून बाटली फुटू शकते. म्हणूनच किण्वन पूर्ण झाल्याची हायड्रोमीटरने खात्री करणे अनिवार्य असते.

परिसरातील फळांची चिकित्सा :
केळी : पिकलेल्या केळ्यात साखर विपुल परंतु आम्ल कमी असते, गर चिकट असल्याने गाळणेही कठीण जाते. विशेष म्हणजे केळ्याच्या वासास मुख्यतः कारणीभूत असलेले आयसोअमाइल ॲसिटेट हे संयुग विशिष्ट यीस्ट स्वतःच तयार करते. बव्हेरियातील गव्हाच्या बिअरला येणारा केळ्याचा वास फळाशिवाय येतो तो यामुळेच. केळे येथे स्वादापेक्षा साखरेचा स्रोत म्हणून अधिक उपयुक्त आहे. युगांडाच्या पेयातही त्याची भूमिका मुख्यतः हीच दिसते.

सीताफळ : सुगंध नाजूक, आम्ल अल्प आणि गर तापविल्यास कडवटपणा येण्याचा दोष, यांमुळे हे फळ अवघड ठरते. उष्णतेऐवजी गोठविण्याची प्रक्रिया व अगदी शेवटच्या अवस्थेत मिश्रण हाच त्यास योग्य मार्ग होय. बिया विषारी असल्याने त्या न फुटता वेगळ्या करणे आवश्यक आहे.

चिंच : हिच्यातील प्रमुख आम्ल टार्टारिक होय, द्राक्षातही तेच आढळते. किण्वनात ते बहुतांशी टिकून राहते. वाळवून साठविता येत असल्याने चिंच वर्षभर उपलब्ध असते. फळस्वादाच्या कसोटीवर या तिघांत तीच सर्वांत समर्थ ठरते. केळ्याची साखर व चिंचेचे आम्ल यांचा संयोग शास्त्रीयदृष्ट्या परस्परपूरक असून तो प्रयोगाने तपासण्याजोगा आहे.

सुरक्षितता व कायदेशीर चौकट :
फळातील पेक्टिनपासून किण्वनात अत्यल्प मिथेनॉल तयार होते. फळयुक्त बिअरमधील त्याचे प्रमाण सामान्यतः घातक नसते. विषारी दारूच्या दुर्घटनांचे कारण निराळे आहे. मुंबईतील मालवणी येथे २०१५ मध्ये शंभरांहून अधिक बळी गेले, ते मिथेनॉल मिसळलेल्या बेकायदेशीर दारूमुळे. किण्वन आणि अशी भेसळ यांतील फरक सामान्य वाचकास ठाऊक असणे हिताचे आहे. पण त्यामुळे घरगुती मद्यनिर्मिती वैध ठरत नाही. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ या मूळ नावाने संमत झालेला कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून लागू असून त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे शिक्षेस पात्र आहे. परवानाधारक लघु मद्यनिर्मितीचा मार्ग मात्र खुला आहे; पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली ‘डुलाली’ हे त्याचे परिचित उदाहरण होय.

निष्कर्ष :
१. बिअरमधील फळस्वाद हा साखर संपल्यानंतर उरणाऱ्या आम्ल, सुगंध व टॅनिन यांचा परिणाम असतो.
२. त्या कसोटीवर चिंच अनुकूल, सीताफळ कष्टसाध्य, तर केळी पूरक घटक म्हणून उपयुक्त ठरते.
३. नाशवंत मालावर प्रक्रिया होणे शेतकऱ्याच्या हिताचे असले, तरी जे फळ सर्वाधिक नासते तेच किण्वनास सर्वाधिक योग्य असते असे नाही. उद्योग उभारण्यापूर्वी ही तपासणी झाली नाही, तर तोट्याचा भार अखेरीस शेतकऱ्यावरच पडतो.
४. परभणीचे अन्नतंत्र महाविद्यालय व नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांसारख्या संस्थांत, आवश्यक त्या परवानगीने, असे अभ्यास हाती घेता येतील. ज्वारीच्या आंबिलीसारख्या घरोघरी रूढ असलेल्या आंबवलेल्या पेयात चिंच व केळी यांचा समावेश करून पाहणे ही त्याची निर्धोक सुरुवात ठरू शकेल.