जाहिरातीतला वर्ण आणि अमडापूरचे चेहरे

फॅशनच्या जाहिरातींची चिकित्सा करण्यासाठी मुंबई सोडून चिखली तालुक्यातल्या अमडापुरापर्यंत येण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कापसात आहे. चिखली-खामगाव रस्त्यावरच्या आणि बल्लाळदेवीच्या नावाने पंचक्रोशीत ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या काळ्या शिवारात ऐन दिवाळीच्या सुमारास वेचणी चालू असते. लुगड्यावर घरधन्याचा जुना सदरा चढवून, डोक्याला फडके बांधून आणि कमरेला ओटी खोचून ज्या बाया दिवसभर उन्हात बोंडे वेचतात, त्यांच्याच हातून वस्त्रप्रावरणांच्या या प्रचंड व्यापाराचा आरंभ होतो. आणि त्याच दिवसांत कापडाच्या दुकानावर जो झळझळीत फलक चढतो, त्यावरील तरुणी मात्र या बायांपैकी कोणाची लेक किंवा भाची असू शकेल, असा भास पाहणाऱ्यास चुकूनही होत नाही.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न वंशाच्या नावाने विचारला गेला. ब्रिटिश ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर डॉनिएल लूना ही कृष्णवर्णीय तरुणी १९६६ साली आली, अमेरिकन ‘व्होग’ने हा मान बेव्हर्ली जॉन्सनला देईपर्यंत १९७४ साल उजाडले. सावळा चेहरा मुखपृष्ठावर घातला तर अंक खपत नाही, हा तिकडच्या धंद्याचा जुना बचाव होता. परंतु जुलै २००८ मध्ये इटालियन ‘व्होग’ने आपला अंक कृष्णवर्णीय मॉडेल्सना वाहिला, तेव्हा मागणीपुढे त्याच्या जादा प्रती छापाव्या लागल्या आणि तो बचाव पुराव्यानिशी खोटा ठरला. याच मासिकाची भारतीय आवृत्ती ऑक्टोबर २००७ मध्ये निघाली, तेव्हा पहिल्याच मुखपृष्ठावर बिपाशा बासू आणि प्रियंका चोप्रा यांच्यासमवेत जेमा वॉर्ड ही गौरवर्णी ऑस्ट्रेलियन मॉडेल विराजमान झाली होती. देशी वाचकांना देशी अंक विकतानाही परदेशी चेहऱ्याचे पाठबळ हवेसे वाटले, यात सारे काही आले.

तथापि सारा दोष परकीयांच्या माथी मारणे सत्यास धरून होणार नाही. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि तेथून निघालेल्या रंगीत चित्रांनी घरोघरच्या भिंतींवर ज्या देवी आणल्या, त्यांची कांती केतकीसारखी होती. पुढे रघुवीर मुळगावकरांच्या तुकतुकीत, फवाऱ्याने रंगविलेल्या लावण्यवतींनी कॅलेंडरे आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे गाजविली. त्यांचे कौशल्य वादातीत आहे. पण मराठी सुशिक्षित वर्गाच्या दोन पिढ्यांनी सौंदर्याचा वर्ण या चित्रांवरून निश्चित केला, हेही तितकेच वादातीत आहे. लक्स साबणाच्या जाहिरातीत १९४१ साली प्रथमच भारतीय अभिनेत्री आली, ती लीला चिटणीस. गोऱ्या साहेबाच्या मालाला देशी चेहरा मिळाला हा मोठाच पालट होता. मात्र त्या दारातून पुढे ज्या आत आल्या, त्यांत सावळ्या किती, हे वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे.

१९७५ साली हिंदुस्तान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम बाजारात आणले. या कंपनीचा साबणाचा एक कारखाना याच बुलढाणा जिल्ह्यात, खामगावला आहे. त्यामुळे हा मामला अमडापूरकरांस परमुलखातला म्हणता येत नाही. या मलमाच्या एका जाहिरातीत, मुलगा असता तर बरे झाले असते, असे म्हणणाऱ्या बापाची सावळी मुलगी मलम लावून उजळते, हवाई सुंदरीची नोकरी पटकावते आणि आईबापांस बड्या हॉटेलात कॉफी पाजते, असे कथानक होते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रार लावून धरली आणि २००३ साली केंद्र सरकारने दोन जाहिराती दूरचित्रवाणीवरून थांबविल्या. त्यानंतर २०१४ साली भारतीय जाहिरात मानक परिषदेने नियम केले: सावळी व्यक्ती दुःखी, अनाकर्षक अथवा अपयशी दाखवू नये, मलम लावण्यापूर्वीची तिची मुद्रा खिन्न असू नये. हेतू स्तुत्य होता; पण या कलमांनी सावळ्या स्त्रीला कसे दाखवू नये एवढेच सांगितले, तिला दाखवावे असे कोठेही म्हटले नाही, आणि म्हणून तिला चित्रातून अजिबात वगळणे हीच नियमपालनाची सर्वांत सोपी रीत उरली. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली, जगभर क्षोभ उसळला आणि जुलैमध्ये या मलमाचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले.

सावळा वर्ण मॉडेलच्या व्यवसायात मुळीच चालत नाही, असे मात्र नाही. आमच्याच विदर्भातल्या, नागपूरच्या मधू सप्रे १९९२ साली मिस इंडिया झाल्या आणि त्याच वर्षी मिस युनिव्हर्स स्पर्धेत तिसऱ्या आल्या. पुढे मुंबईच्या उज्ज्वला राऊत यांनी युरोप-अमेरिकेच्या मंचांवर नाव काढले. दोघींच्या सावळ्या कांतीचे उंची फॅशनच्या जगाने कौतुक केले. परंतु जेथे साडी, साबण आणि लग्नाचा बस्ता विकायचा असतो, तेथे ते कौतुक पोहोचत नाही. श्रीमंतांच्या मासिकात सावळेपणा आगळा म्हणून मिरवतो आणि तालुक्याच्या बाजारात तोच उणेपणा ठरतो.

गिऱ्हाइकालाच गोरा चेहरा हवा असतो, असे जाहिरातदार म्हणतात. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, हे कबूल केले पाहिजे. लग्नासाठी हातोहात फिरणाऱ्या परिचयपत्रात ‘वर्ण’ हा रकाना असतो. त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ असे उतरत येऊन लेखणी फार तर ‘सावळा’ येथे थबकते, त्याखाली जात नाही. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स पाहावेत. उन्हातान्हात हिंडून रापलेल्या कार्यकर्त्याचा चेहरा संगणकावर असा गुलाबी केलेला असतो की, तो स्वतः फलकाखाली उभा राहिला तरी ओळख पटवावी लागते. गावचा माणूस जाहिरातीत येऊच शकत नाही असे नाही. येतो, पण रंग उतरवून देण्याच्या अटीवर येतो, आणि ही अट कोणत्याही कंपनीने घातलेली नसून त्याने आपण होऊन मान्य केलेली असते. पन्नास वर्षांच्या जाहिरातींनी साधलेला सर्वांत मोठा सौदा हाच होय.

म्हणून मलमाचे नाव बदलल्याने हा प्रश्न निकालात निघाला, असे मानण्याचे कारण नाही. फलकावरचा चेहरा पालटेल तेव्हाच तो निघेल, आणि तो पालटण्याचा अधिकार फक्त मुंबईतल्या कंपन्यांच्या हाती नाही. फ्लेक्स करवून घेणाऱ्याने चेहरा आहे तसा ठेवण्यास सांगावे. कापडाच्या दुकानदाराने फलकाचा नमुना मंजूर करताना आपल्या गिऱ्हाइकांकडे एकवार पाहावे. आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी, प्रस्तुत अंकाचे संपादकही यात आले, पुढील वर्षी मुखपृष्ठावर दिवा घेऊन उभी राहणारी स्त्री सावळी काढण्यास चित्रकाराला सांगावे. यासाठी कायदा लागत नाही आणि एक पैसाही जादा पडत नाही.